कोठार पाडले नाही म्हणून

दारूगोळ्याचे कोठार जंगलात बांधण्यामागे दोन कारणे असतात: वरून विमानाला ते दिसू नये आणि स्फोट झालाच, तर वस्ती दूर असावी. जर्मन लष्कराने १९३८ पासून वेस्टफालियाच्या उत्तर भागात, ल्युबेकेजवळच्या जंगलात असेच कोठार उभारायला घेतले. झाडे शक्य तितकी राखून त्यांच्या आडोशाला पक्क्या इमारती बांधल्या आणि एकीतला स्फोट दुसरीपर्यंत पोचू नये म्हणून त्यांच्यात मुद्दाम अंतर ठेवले. आत रस्ते आणि रेल्वेचे रूळही आले. आज तिथे एस्पेलकांप हे शहर आहे. लष्कराच्या या आखणीने वस्तीची सोय करून ठेवली, हे खरेच; पण शहर झाले ते १९४५ नंतर काही माणसांनी पाडापाडीला वेळेवर विरोध केला म्हणून, असे मला वाटते.

ब्रिटिश सैन्याने ताबा घेतला, तेव्हा कोठार उडवून टाकण्याचा बेत होता. यात गैर काय, असे कोणी विचारेल. दुसरे महायुद्ध पेटवणाऱ्या देशाची शस्त्रसज्जता मुळापासून उखडणे आवश्यकच होते. मात्र नि:शस्त्रीकरण व्हायचे ते गोळ्यांचे आणि यंत्रांचे. विटांच्या भिंती कोणावर डागता येत नाहीत. त्याच वेळी पूर्वेकडून हाकललेले सुमारे सव्वा कोटी जर्मन डोक्यावर छप्पर शोधत होते. स्वीडिश पाद्री बिर्गर फोरेल यांनी हा विरोधाभास ओळखला. युद्धकाळात ब्रिटनमधल्या जर्मन युद्धकैद्यांमध्ये काम केल्यामुळे ब्रिटिशांशी बोलण्याची वाट त्यांना ठाऊक होती. त्यांच्या आणि प्रोटेस्टंट चर्चच्या खटपटीने पाडकाम थांबले. १९४९ मध्ये राज्य सरकार आणि चर्च यांनी मिळून वसाहत उभारणारी संस्था काढली आणि अवघ्या दहा वर्षांनी, १९५९ मध्ये, एस्पेलकांपला शहराचा दर्जा मिळाला.

जर्मनीची अर्थव्यवस्था सावरतच होती, शहर कुठेही उभे राहिले असते, असाही आक्षेप घेता येईल. तो अर्धाच खरा आहे. बव्हेरियात ट्राउनरॉइट जुन्या दारूगोळा कोठारावर आणि वाल्डक्राइबुर्ग स्फोटकांच्या कारखान्यावर वसले. निर्वासितांनी तिथेही तयार रस्ते आणि इमारती वापरल्या. विजेच्या जोडण्या बनवणारी हार्टिंग कंपनी १९५०च्या सुमारास एस्पेलकांपला आली, तीही इथे जागा उपलब्ध होती म्हणून. पैसा नंतर आला. आधी भिंती शाबूत असाव्या लागल्या.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटते ते १९५१ पासूनचे काम. धर्मश्रद्धेमुळे सैन्यात जायला नकार देणारे अमेरिकेतले मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे तरुण ‘पॅक्स’ योजनेतून इथे आले आणि निर्वासितांसाठी घरे बांधू लागले. बंदूक न धरण्याचा निर्धार केलेले हात तोफगोळ्यांच्या जागी विटा रचत होते. पुढे सोव्हिएत संघातून आलेली जर्मन भाषक मेनोनाइट कुटुंबेही मोठ्या संख्येने इथेच स्थिरावली.