गुप्तधन: कथा काय सांगते, कागद काय सांगतो

महाराष्ट्रात असा गड क्वचितच सापडेल, ज्याच्या पोटात मोहरांचे हंडे असल्याचं पायथ्याच्या गावात सांगत नाहीत. या कथा उडवून लावण्यासारख्या नाहीत. स्वाऱ्या, दुष्काळ, परागंदा झालेली घराणी यांच्या आठवणी त्यांत मुरलेल्या असतात. पण कथा ऐकली की लोक पहार उचलतात, आणि तिथं नुकसान सुरू होतं.

राजे गड सोडताना खजिना पुरून गेले, हा सर्वांत लाडका समज. मराठेशाहीतला पैसा मुळात फार काळ एका जागी थांबतच नसे. फौजेचा पगार, सावकारांचं देणं यांत तो जाई. उत्तरेपर्यंत धडक मारणाऱ्या पहिल्या बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाचं दुःख मांडलं आहे. शिवाय गड पडला की जिंकणारा आधी खजिन्याचाच शोध घेई. रायगड १६८९ मध्ये मोगलांनी घेतला, १८१८ मध्ये इंग्रजांनी. एवढ्या झडत्यांतून काय उरलं असेल, याचा विचार कथा करत नाही.

दुसरा समज मला अधिक अस्वस्थ करतो: कोरलेला दगड म्हणजे धनाची खूण. कोकणात आणि देशावर शिलाहार-यादव काळातले गद्धेगाळ आढळतात. वर सूर्य-चंद्र, मधे दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री यांचं शिल्प. सूर्य-चंद्र असेतो हे दान चालावं आणि जो ते मोडील त्याच्या आईला ही शिवी लागावी, इतका स्पष्ट त्याचा अर्थ. म्हणजे हा जमिनीच्या दानाचा दस्तऐवज आहे, आणि त्याखाली धन असण्याचं काही कारण नाही. वीरगळ तर लढाईत पडलेल्याचं स्मारक. तरी धनाच्या आशेनं असे दगड उपटले जातात, फुटतात. लेख असलेला एक दगड फुटला की एखाद्या गावाचा आठशे वर्षांचा पुरावा संपतो, आणि तो दुसरीकडे कुठंही लिहिलेला नसतो.

पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या, माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीखालचं धन दिसतं, मांडूळ ते दाखवतो, या समजुतींना कसलाही आधार नाही. मांडुळाचं ‘दुसरं तोंड’ म्हणजे बोथट शेपूट. वन्यजीव कायद्यानं संरक्षण दिलेला हा बिनविषारी साप या भाकडकथेपायी पकडून विकला जातो. गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवले आहेत. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेडा इथं एका साधूच्या स्वप्नानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं उत्खनन केलं. स्वप्नात हजार टन सोनं होतं. जमिनीत खापरं आणि बांगड्यांचे तुकडे निघाले.

मग जमिनीत काहीच सापडत नाही का? सापडतं, आणि ते सोन्याहून मोलाचं असतं. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथं तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. ती क्षत्रप नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपले छाप मारलेले होते. शत्रूच्या चेहऱ्यावर उमटवलेला तो विजय आजही वाचता येतो. ही नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती तर त्या काळाचा एक ठळक साक्षीदार गेला असता. दायमाबादला १९७४ मध्ये झुडपाची मुळं खणताना निघालेला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांचंही तसंच.

असं काही हाती लागलं तर? ‘सापडेल त्याचं’ हे खरं नाही, आणि ‘सरकार सगळं ओढून नेतं’ हेही पूर्ण खरं नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचं धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. चौकशीत मूळ मालक ठरला नाही, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन ती घेता येते. लपवलं तर हक्कही जातो आणि वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते. संरक्षित गडावर परवानगीवाचून कुदळ मारणं हा तर, काही सापडो वा न सापडो, गुन्हाच आहे.