दाण्याच्या आतला किडा

हातकणंगले तालुक्यातलं हुपरी म्हणजे चांदीच्या दागिन्यांचं गाव. बारीक घुंगरं जोडणाऱ्या तिथल्या नजरेलाही तांदळाच्या दाण्यातलं सोंडकिड्याचं अंडं दिसायचं नाही. मादी सोंडेनं दाण्याला भोक पाडते, आत एकच अंडं घालते आणि चिकट स्रावानं भोक बुजवते. अळी आतूनच दाणा पोखरते. उन्हाळ्यात साधारण महिन्याभरात किडा बाहेर पडतो. घट्ट झाकणाच्या डब्यात किडे आले कुठून, याचं उत्तर बहुधा पोत्यातच असतं.

मूग-चवळीचा भुंगेरा मात्र अंडी दाण्यावरच चिकटवतो, पांढऱ्या ठिपक्यांसारखी. कडधान्याला तेल चोळण्याची आजीची रीत म्हणूनच पक्की: तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात.

गहू-ज्वारीला मे महिन्यातलं कडक ऊन द्यावं. तांदळाला नको, दाणे तडकतात. आणि डबा धुऊन, खडखडीत वाळवल्याशिवाय जुन्यावर नवं धान्य ओतूच नये.