घुसखोरी शोध प्रणाली आणि नेटवर्क प्रवेश नियंत्रण यांची सांगड : एक विवेचन

प्रस्तावना

दि. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, म्हणजेच बँकांच्या सुट्टीचा दिवस होता. त्या दिवशी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेला बगल देऊन हल्लेखोरांनी बनावट यंत्रणेमार्फत मंजुरी दिली व नकली कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतून रकमा काढल्या. देशांतर्गत ज्या शहरांतून पैसे काढले गेले, त्यांत कोल्हापूरचाही समावेश होता. १३ ऑगस्ट रोजी स्विफ्ट प्रणालीद्वारे हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी रक्कम वळविण्यात आली. एकूण हानी सुमारे ९४ कोटी रुपयांची होती. या घटनेतून सर्वच संस्थांपुढे एक प्रश्न उभा राहतो : धोक्याची चाहूल लागणे आणि त्यावर कृती होणे यांतील अंतर, विशेषतः सुट्टीच्या दिवशी, कसे कमी करावे? प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन नेटवर्कच्या संदर्भात या प्रश्नाच्या एका उत्तराचा विचार केला आहे.

दोन प्रणालींचे स्वरूप

घुसखोरी शोध प्रणाली ही पहारेकऱ्याच्या डोळ्यासारखी असते. १९९८ मध्ये आलेली स्नॉर्ट आणि त्यानंतरची सुरिकाटा या मुक्त स्रोत प्रणाली नेटवर्कमधील वाहतुकीची प्रत तपासतात व ठरावीक नियमांशी जुळणारी हालचाल आढळताच इशारा देतात. मात्र प्रत तपासणाऱ्या प्रणालीला मूळ वाहतूक अडविता येत नाही. याउलट प्रवेश नियंत्रण प्रणाली ही दारावरील रखवालदारासारखी असते. आयईईई ८०२.१एक्स या मानकाच्या आधारे ती संगणकाची किंवा वापरकर्त्याची ओळख पटवून प्रवेश देते. परंतु आत गेलेला संगणक पुढे काय करतो, हे तिला सहसा दिसत नाही. म्हणजेच एकीला दिसते पण अडविता येत नाही, तर दुसरीला अडविता येते पण दिसत नाही. दोहोंची सांगड घालणे आवश्यक ठरते ते याचसाठी. येथे ‘बाह्य’ शोध प्रणाली याचा अर्थ महाविद्यालयाबाहेरील नव्हे, तर प्रवेश नियंत्रणापासून स्वतंत्र यंत्रावर चालणारी प्रणाली असा आहे.

सांगडीची कार्यपद्धती

समजा, प्रयोगशाळेतील एक संगणक विषाणूबाधित होऊन शेजारच्या संगणकांची दारे ठोठावू लागला. शोध प्रणाली त्याचा आयपी पत्ता, वेळ व नियम क्रमांक असलेला इशारा प्रवेश नियंत्रणाकडे पाठविते. आयपी पत्ता बदलता असल्याने तो त्या क्षणी कोणत्या यंत्राकडे होता, हे पत्तावाटपाच्या नोंदींवरून शोधले जाते. त्यावरून नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता व स्विचवरील जोडणीची जागा निश्चित होते. त्यानंतर रेडियस नियमावलीतील अधिकार-बदलाचा संदेश स्विचकडे जातो आणि तो संगणक विलगीकरणासाठी राखलेल्या व्हीलॅनमध्ये टाकला जातो. वापरकर्त्याच्या पडद्यावर कारण व पुढील सूचना दिसतात. पॅकेटफेन्स या मुक्त स्रोत प्रणालीत अशा जोडणीची सोय उपलब्ध आहे.

दक्षतेचे मुद्दे

या साखळीचे यश पुढील बाबींवर अवलंबून असते.

१) पत्ता बदलणाऱ्या राउटरच्या पलीकडे शोध प्रणाली बसविल्यास सर्व संगणक तिला एकाच पत्त्याचे दिसतात. म्हणून ती अलीकडे, अंतर्गत पत्ते दिसतील अशा जागी असावी.

२) सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असावीत, अन्यथा एकाच्या कृत्याबद्दल दुसऱ्याचा संगणक तोडला जाईल.

३) आजचे मोबाइल संच मॅक पत्ता बदलू शकतात. म्हणून केवळ त्यावर विसंबून न राहता वापरकर्त्याच्या नावाने प्रवेश द्यावा.

४) बनावट इशारा पाठवून निर्दोष संगणक बंद पाडणेही शक्य असते. त्यामुळे इशाऱ्यांचा मार्ग स्वतंत्र व सुरक्षित असावा.

५) प्रत्येक इशारा खरा नसतो. ऑनलाइन परीक्षा सुरू असताना चुकीच्या इशाऱ्याने विद्यार्थ्याचा संगणक तुटल्यास होणारे नुकसान विषाणूपेक्षा कमी नाही. सबब आरंभी केवळ नोंद, मग प्रशासकास सूचना आणि पूर्ण खात्री पटलेल्या मोजक्याच नियमांना स्वयंचलित विलगीकरण, असा क्रम ठेवावा. परीक्षा कक्ष व सर्व्हर यांबाबत मानवी संमती आवश्यक करावी.

निष्कर्ष

रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट जाहीर केली व डिसेंबर २०१९ मध्ये ती श्रेणीनिहाय विस्तारली. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक आहे. परंतु ६ तासांची मुदत कळविण्यासाठी आहे. बाधित संगणक काही मिनिटांतच इतरांना ग्रासू शकतो. अशी जोडणी प्रत्येक हल्ला थोपवील, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि विद्यार्थ्यांचे गुण, शुल्क व वेतन यांच्या नोंदी ज्या नेटवर्कवर आहेत, तेथे इशारा सोमवारपर्यंत वाट पाहत राहू नये, एवढे तिच्यामुळे निश्चितच साधते. कोणता इशारा कोणते दार बंद करील, हा निर्णय मात्र केवळ तंत्रज्ञांवर न सोपविता प्राचार्य, परीक्षा विभाग व संगणक विभाग यांनी एकत्र बसून, लेखी स्वरूपात घेणे उचित होय.