घाटवाटेवरचा जादा उजेड

महाड आणि पोलादपूर या दक्षिण रायगडातल्या दोन तालुक्यांतून तीन घाट फुटतात: महाडहून भोरकडे जाणारा वरंध, पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी आणि खेडकडे उतरणारा कशेडी. या घाटांच्या आधाराने डोंगरउतारावर वसलेल्या वाड्यांपर्यंत पोहोचणारे रस्ते अनेक ठिकाणी कच्चे, लाल मातीचे आणि पावसाळ्यात ओहोळांनी कापले जाणारे असल्याने चारही चाकांना इंजिनाची ताकद पोहोचवणारी, म्हणजेच फोर बाय फोर, गाडी येथे हौसेइतकीच गरजेचीही ठरते. आणि अशा गाडीवर कंपनीच्या हेडलाइटव्यतिरिक्त बसवल्या जाणाऱ्या एलईडी दिव्यांचा विचारही याच गरजेच्या अंगाने करावा लागतो. हे दिवे निवडताना बहुतेकांची नजर वॅटच्या आकड्यावर असते, पण सह्याद्रीच्या पावसात उपयोगी ठरतो तो उजेडाचा आकडा नव्हे, तर उजेड पडण्याची जागा.

याचे कारण धुक्याच्या रचनेत आहे. धुक्यातले पाण्याचे थेंब साधारण 10 ते 20 मायक्रॉनचे, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात, आणि म्हणून ते सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, हा समज त्यामुळे टिकत नाही. पिवळ्या दिव्याचा खरा फायदा वेगळा आहे. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा प्रकाश देणारा डायोड आणि त्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर. या निळ्या डायोडच्या शोधासाठीच अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फॉस्फर कमी असेल तर दिव्यात निळसर झाक उरते आणि हा निळसर उजेड थेंबांवरून परतला की डोळ्यांना अधिक खुपतो. प्रकाशाचा रंग केल्विन या एककात मोजतात; 6000 केल्विनचा दिवा गार पांढरा, तर 3000 चा पिवळसर दिसतो. आंबेनळीत जुलै महिन्यात दुसरा अधिक सुसह्य वाटतो, इतकाच त्याचा अर्थ.

रंगापेक्षा उंची अधिक महत्त्वाची. टपावर बसवलेला लांबलचक लाइट बार चालकाच्या डोळ्यांच्या अगदी जवळून प्रकाश सोडतो, समोरचा प्रत्येक थेंब तो थेट डोळ्यांकडे परतवतो आणि काचेपुढे पांढरी भिंत उभी राहते. तोच प्रकाश बॉनेटवर पडून आणखी चकाकतो तो वेगळाच. दिवा बंपरच्या पातळीवर, रुंद पण वरच्या बाजूला सरळ कापलेल्या झोताचा असेल, तर उजेड धुक्याच्या खालून सरकत साइडपट्टी, कठडा आणि खचलेली कड दाखवतो. लांबवर जाणारा अरुंद झोत, ज्याला स्पॉट म्हणतात, तो माळावर उपयोगी. घाटात मात्र वळण आले की तो दरीवरच्या हवेत निघून जातो. या मुलखात रुंद झोताचे, म्हणजे फ्लडचे दिवे जास्त कामाचे, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

किती लांबचे दिसायला हवे, याचे उत्तर गाडी किती लांबवर थांबते यात आहे. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर कापते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला तर 25 मीटर आणि ओल्या डांबरावर थांबेपर्यंत आणखी सुमारे 35 मीटर, असे मिळून 60 मीटर होतात. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस नदीत गेल्या, तेव्हापासून या परिसरात पावसातल्या रात्रीच्या वेगाचा प्रश्न हा केवळ हिशेबाचा राहिलेला नाही. दिवा कितीही प्रखर असला तरी दाट पावसात दृष्टी 30 मीटरवरच अडत असेल, तर वेग त्या 30 मीटरला बसेल इतकाच ठेवावा लागतो.

कायद्याची बाजूही याच दिशेची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 106 नुसार पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला असला पाहिजे. दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवता कामा नये. नियम 111 नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून पुढे स्पॉटलाइट वा सर्चलाइट बसवण्यास मनाई करतो. म्हणून परवानगीने बसवलेले असे दिवेही महामार्गावर आणि घाटात बंद आणि झाकणाखाली ठेवायचे आणि डांबर सुटल्यावरच उघडायचे. ताशी 40 च्या वेगाने समोरच्या चालकाचे डोळे तीन सेकंद दिपले, तर तो सुमारे 33 मीटर जवळजवळ आंधळेपणाने जातो, आणि आंबेनळीत तेवढ्या अंतरात एक वळण सहज येते.

बसवण्याच्या कामात सर्वाधिक चुका वायरिंगमध्ये होतात. 60 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर सुमारे 10 अँपिअर प्रवाह घेतात. हेडलाइटची मूळ वायर सोलून तिथेच जोड मारला, तर हा जादा भार त्या वायरला झेपत नाही; आवरण तापून वितळते आणि पाणी शिरताच शॉर्ट होते. त्यासाठी बॅटरीवरून स्वतंत्र वायर काढावी, तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतरातच 15 अँपिअरचा फ्यूज घालावा आणि मध्ये रिले बसवावा. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच. त्याच्या पायांवर आकडे छापलेले असतात. 30 वर बॅटरी, 87 वर दिवा आणि 85 व 86 यांच्यामध्ये रिलेची गुंडाळी. गुंडाळीचा प्रवाह अप्परच्या, म्हणजे हेडलाइटच्या लांब झोताच्या, वायरमधून डॅशबोर्डवरच्या स्विचमार्फत घेतला, तर डिपर मारताच जादा दिवे आपोआप विझतात, आणि या एका जोडणीने विसरभोळेपणाचा धोका टळतो. वायरची जाडीही मोजूनच घ्यावी: जाऊन-येऊन 6 मीटर लांबीच्या पाऊण चौरस मिलिमीटर वायरीत 10 अँपिअरला सुमारे 1.4 व्होल्ट वाया जातात, तर अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्ध्या व्होल्टहूनही कमी.

एलईडीच्या झोतात उष्णता फारशी नसते. ती मागच्या बाजूने, अॅल्युमिनियमच्या पंखांमधून बाहेर पडते. नाल्यातून आलेल्या गाडीच्या या पंखांत लाल चिखल वाळून बसला, तर उष्णता कोंडते आणि दिव्याचे आयुष्य घटते, म्हणून धुताना काचेइतकाच हा भागही ब्रशने साफ करावा. दिव्यावर आयपी 67 असे लिहिलेले असेल, तर तो धूळबंद असून मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकतो, असे समजावे. पण पाणी बहुधा दिव्यात नव्हे तर सैल कप्लरमध्ये शिरते.

शेवटी झोत लावण्याचे काम येते. सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून दिव्याच्या उंचीची रेघ भिंतीवर मारावी आणि झोताची वरची कड त्या रेघेखाली 10 सेंटीमीटर येईल असा बोल्ट आवळावा. पाऊण मीटर उंचीच्या दिव्याचा झोत मग 75 मीटरवर जमिनीला टेकतो.

गाडीच्या मागे लावलेल्या दिव्याचा उपयोग वेगळा. 22 जुलै 2021 ला सुरू झालेल्या 24 तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला, महाडमध्ये पूर आला, तळीये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. वीज गेलेल्या अशा रात्री मागचा रुंद झोताचा दिवा माती उपसणाऱ्यांना कामाला येतो, पण इंजिन बंद असताना पुढचे 10 अँपिअरचे दिवे पाच तास जळले, तर 60 अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ रिकामी होते. मागे 20 वॅटचा एकच दिवा लावला, तर पाच तासांत नऊ अँपिअर-तासांहून कमी खर्च होतात, आणि पहाटे गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते.