कांद्यानं नेमकं कोणाला रडवलं?

कांदा महागला की वर्तमानपत्रांना मोठी गंमत सुचते. कुठे नवरानवरीला आहेरात कांद्याची परडी, कुठे गळ्यात कांद्याच्या माळा घालून उभे राहिलेले आमदार! फोटो छापून येतात आणि खाली ठरलेली ओळ: ‘गृहिणींच्या डोळ्यांत पाणी’. आपणही हसतो, पेपरची घडी घालतो आणि पिशवी उचलून बाजाराची वाट धरतो. पण मैत्रिणींनो, या हसण्यात एक हिशेब मांडायचा राहून जातो. तो आज मांडू या.

एक तर आपलं गाऱ्हाणं हसण्यावारी नेण्यासारखं कधीच नव्हतं. १९७२ नंतर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात आणला, आणि त्या पुन्हा सत्तेवर आल्या. १९९८ च्या नोव्हेंबरात कांदा कडाडलेला असतानाच दिल्लीत विधानसभेची निवडणूक झाली आणि भाजपचं राज्य गेलं. सुषमा स्वराज यांना मुख्यमंत्री होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. तेव्हापासून सगळ्याच पक्षांचे पुढारी कांद्याला वचकून असतात.

वचकून असले तरी तोंड सांभाळतील तर शपथ! डिसेंबर २०१९ मध्ये कांदा शंभरीपार गेला होता. लोकसभेत कुणीतरी मध्येच विचारलं, ‘तुम्ही कांदा खाता का?’ त्यावर अर्थमंत्री निर्मला सीतारामन म्हणाल्या, की आपण फारसा कांदा-लसूण खात नाही, आपल्या घरात त्याचं फारसं प्रस्थ नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या राज्याचे मंत्री दादा भुसे यांनी तर सल्लाच दिला, की ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काही बिघडत नाही. बाई गं! रोज दोन वेळा फोडणी टाकणाऱ्या बाईला हे सांगायचं?

आता दुसरी बातमी ऐका. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई असे ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले. उरले २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्यानं चेक दिला दोन रुपयांचा, आणि तोही पुढच्या तारखेचा! या बातमीखाली मात्र कुणाच्याच बायकोच्या डोळ्यांतलं पाणी छापून आलं नाही.

खरं सांगू? मलाही ते दिसलं नसतं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. २०१९ च्या त्या शंभरीत मी वहिनीला फोन करून भरपूर कुरकुर केली. ती शांतपणे म्हणाली, ‘‘वन्सं, कांदा मातीमोल झाला होता तेव्हा तुमचा फोन नाही आला कधी.’’ मी गप्प. काय बोलणार?

कारण सरकार घाबरतं ते आपल्याला, वहिनीला नाही. भाव चढला की निर्यात बंद, हे औषध ठरलेलं. २०१९ साली बंदी, २०२० साली बंदी. २०२३ च्या ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात पुन्हा बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान चालू असताना. दिंडोरीच्या मतदारांनी जे सांगायचं ते सांगितलं. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार तिथं पडल्या. उरलंसुरलं शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं.

गंमत म्हणजे या औषधानं आपलंही दुखणं जात नाही. २०१९ च्या टंचाईत तुर्कस्तान, इजिप्तहून कांदा मागवला. तो येऊन पडेपर्यंत घरचा नवा कांदा बाजारात आला, आणि अनेक राज्यांनी तो परदेशी कांदा उचललाच नाही. इकडे एक वर्ष मार खाल्लेला शेतकरी पुढच्या वर्षी कांदा कमी लावतो, की पुन्हा टंचाई आणि पुन्हा आपणच पिशवी घेऊन उभ्या!

तुम्ही म्हणाल, मग आम्ही काय करावं? महागाईवर बोलूच नये? जरूर बोलावं. पण मत मागायला येणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. शंभरीच्या वेळी काय करणार, हा एक. आणि एक रुपयाच्या वेळी काय करणार, हा दुसरा. चांगल्या चाळी, साठवण, वेळेवर खरेदी हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि त्यातूनच पहिलाही सुटेल.

आणि आपल्या हातातलंही करावं. एप्रिल-मे महिन्यात उन्हाळ कांदा स्वस्त असतो आणि टिकतोही. चांगला वाळलेला, मान बारीक असलेला निवडून घ्या. वारा लागेल अशा टोपलीत पसरून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको आणि बटाट्याशेजारी तर नकोच. आठवड्याला एक नजर टाकून मऊ पडलेला आधी वापरा. पावसाळा सहज निघतो.

हल्ली मी वहिनीला एप्रिलातच फोन करते. भाव विचारते तो तिला मिळालेला. माझा भाव तिला टीव्हीवर कळतोच.