विश्लेषण : न पाहता खेकड्याला पायांची हालचाल कळते कशी?

लाट येताच खेकडा तिरका धावत खडकाच्या कपारीत शिरतो. डोळे पुढे, पाय कवचाच्या बाजूंना. तरीही कोणता सांधा किती वाकला, हे त्याला अचूक कळते. त्यामागे आहेत सांध्यांतील सूक्ष्म संवेदक. याच प्रकारच्या संवेदकांनी मानवी मेंदूचे एक कोडेही सोडवले.

संवेदक कुठे असतात?
खेकडा, कोळंबी, शेवंड यांचे कवच कठीण असते. पाय वाकतो तो फक्त सांध्यापाशी. तिथे आतल्या बाजूला एक लवचिक पट्टा असतो आणि त्यात चेतापेशींची टोके रुतलेली असतात. या रचनेला ‘कॉर्डोटोनल ऑर्गन’ म्हणतात.

हालचाल कशी ओळखली जाते?
सांधा हलला की पट्टा ताणला जातो किंवा सैल पडतो. त्या ओढीमुळे चेतापेशीत विद्युत संदेश निर्माण होतो. विर्स्मा आणि बोएटिगर यांनी १९५९ मध्ये युरोपातील ‘कार्सिनस मीनास’ या खेकड्यात दाखवले, की यातील काही तंतू सांधा एकाच दिशेने हलल्यावर संदेश देतात. उलट दिशेला ते गप्प राहतात. सांधा स्थिर असताना त्याची स्थिती कळवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात.

याचा उपयोग काय?
बाहेरून कोणी पाय ओढला, तर हे संदेश विरुद्ध दिशेच्या स्नायूंना तत्काळ कामाला लावतात. त्यामुळे लाटेच्या धक्क्यातही खेकड्याचा तोल टिकतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा आपला पाय उडतो, त्यामागेही अशीच यंत्रणा असते. आपल्याकडे मात्र संवेदक स्नायूंत असतात.

माणसाला काय फायदा झाला?
क्रेफिशच्या पोटाच्या भागातही ताण ओळखणारे संवेदक असतात. एर्न्स्ट फ्लोरे यांना आढळले, की सस्तन प्राण्यांच्या मेंदूचा अर्क टाकताच या संवेदकांचे संदेश थांबतात. अर्कातील तो घटक म्हणजे ‘गाबा’, हे १९५७ मध्ये स्पष्ट झाले. मेंदूतील संदेशांना लगाम घालणारे हे प्रमुख रसायन आहे. आज आकडी थांबवणारी, चिंता कमी करणारी आणि भूल देणारी अनेक औषधे गाबाचाच परिणाम वाढवतात.