एक मोबाइल, शिकणारी तिघं

मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली, तेव्हा पंधरा-वीस दिवसांत सारे सुरळीत होईल असेच सगळ्यांना वाटत होते. नगर शहरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींनी चार कपडे पिशवीत टाकले आणि जामखेड, पाथर्डी, अकोल्याची वाट धरली. पुस्तके बऱ्याच जणांची खोलीवरच राहिली.

अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेली आहेत. वर्ग मोबाइलवर भरू लागले. कुठे झूम, कुठे गूगल मीट आणि व्हिडिओ चालत नसेल तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ, हेच कॉलेज.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात शंभरातल्या जेमतेम ४ घरांत संगणक होता आणि १५ घरांत इंटरनेटची सोय. शहरांत हेच आकडे २३ आणि ४२. म्हणजे भिस्त मोबाइलवर. तो घरात एकच, बहुधा अब्बांचा. लॉकडाऊन सैल होऊन अब्बा कामावर निघाले की त्यांच्या खिशातून कॉलेजही निघून जायचे. अकोल्यात कळसूबाईच्या बाजूच्या डोंगरातल्या गावांचे दुखणे वेगळे होते. तिथे फोन असला तरी रेंज नसे.

एप्रिलमध्ये नगरचे मुकुंदनगर हॉटस्पॉट म्हणून सील झाले. रोज कमावून खाणाऱ्या घरात तेव्हा आधी रिचार्ज की आधी किराणा, हे विचारायचीही गरज नव्हती. महिनाअखेरीस रमजान सुरू झाला. मशिदी बंद असल्याने तरावीह घरात, इफ्तार घरात आणि त्याच दोन खोल्यांत अर्थशास्त्राचे लेक्चरही.

सर्वांत जास्त झळ मुलींना बसली, असे आम्हाला वाटते. सकाळी कॉलेजला जाणारी मुलगी चार-पाच तास तरी फक्त विद्यार्थिनी असते. बसमध्ये, लायब्ररीत, मैत्रिणींच्या घोळक्यात तिला कुणी कामाला हाक मारत नाही. तीच घरात बसून शिकू लागली की, ‘जरा चपात्या लाट, मोबाइल कुठे पळून जातोय!’ असे म्हणणारी अम्मी शिक्षणाच्या विरोधात असते असे नाही. चुलीवर भाजी आणि समोर भिंतीला टेकून बसलेली मुलगी, एवढेच तिला दिसते. भाईजान मात्र ‘अभ्यास चाललाय’ म्हणून दार लोटून बसू शकले. लेक्चर दोघांचे एकाच वेळी असेल, तर मोबाइल कुणाला मिळाला हे वाचकांना सांगायला नको.

ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले होते. तरीही अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठी त्या घर सोडून नगरला, सिंथिया फॅरार बाईंच्या संस्थेत आल्या.

परीक्षेचा घोळ तर सर्वांना आठवत असेल. राज्य सरकारला अंतिम वर्षाची परीक्षा नको होती आणि विद्यापीठ अनुदान आयोगाला हवी होती. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असे सांगितले. पुणे विद्यापीठाची परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाली, बहुपर्यायी प्रश्नांची. सुरुवातीच्या दिवसांत लॉगिन होत नसल्याच्या तक्रारी आल्या. एवढे करून पास झालेल्यांना पुढे ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवले गेले, हा निव्वळ अन्याय होता.

पण ज्यांनी परीक्षाच दिली नाही, त्यांचे काय? केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. २०२०-२१ मध्ये ते १९ लाख २१ हजारांवर आले. एका वर्षात पावणेदोन लाखांहून अधिक कमी! त्याच वर्षी देशातील एकूण विद्यार्थीसंख्या वाढली. दलित, आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थीही वाढले. कोरोना तर सर्वांनाच आला होता. मग आपलीच मुले का गळाली? रोजंदारी, छोटे धंदे, बंद पडलेली दुकाने हे कारण खरेच आहे. पण त्यापुढे घराघरांत काही निर्णय झाले. मुलगा गॅरेजवर गेला, मुलीचे स्थळ आले आणि ‘नाही तरी कॉलेज बंदच आहे’ या एका वाक्यावर विषय मिटला.

२०२१-२२ मध्ये आकडा पुन्हा २१ लाखांवर गेला, हे खरे. पण त्यात नव्याने बारावी झालेली मुलेही आहेत. गॅरेजवर गेलेला परतला का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. २० ऑक्टोबर २०२१ पासून राज्यातली कॉलेजे दोन डोस घेतलेल्यांसाठी उघडली, तोवर काहींच्या मांडीवर लेकरू होते.

ऑनलाइन शिक्षण काही कोरोनाबरोबर गेलेले नाही. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करता येतात. म्हणजे मोबाइल कुणाच्या हाती, हा प्रश्न आपल्या घरात कायमचा आला आहे.

ज्यांचे शिक्षण तेव्हा सुटले, ती आता पंचविशीच्या आसपास आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात घर किंवा नोकरी सांभाळून बी.ए., बी.कॉम. करता येते आणि त्याची अभ्यासकेंद्रे अनेक कॉलेजांत आहेत. घरातल्या सुनेची, लेकीची, गॅरेजवरच्या पोराची बारावीची मार्कशीट कपाटातून शोधून ठेवा. अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो, तेव्हा त्या दिवशी तासभर मोबाइल त्यांच्याकडे द्या.